आधी गाल फुगवा: इंदूरच्या डॉक्टरांना आणि स्कॅन सेंटरांना खुलं पत्र

आदरणीय रेडिओलॉजिस्ट आणि कॅन्सर सर्जन मंडळी, स्कॅन सेंटरचे चालक, आणि कन्सोलवर बसणाऱ्या माझ्या तंत्रज्ञ भावंडांनो,

स. न. वि. वि.

मी रामबागेत राहते. सव्वीस वर्षं मी सीटी स्कॅनच्या खोलीत काम केलं. "साँस रोको... अब छोड़ो" हे मशीनमधलं रेकॉर्डिंग मी कधी लावलं नाही, स्वतःच म्हणत असे. खरगोन-बडवानीहून आलेला म्हातारा माणूस मशीनच्या आवाजाने दचकतो, माणसाच्या आवाजाने नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही, इंजिनीअरही नाही. पण तोंडाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण माझ्या टेबलावरून गेले, आणि त्यांच्या स्कॅनचं पुढे काय होतं ते गेल्या वर्षी मला माझ्याच घरात बघावं लागलं. म्हणून, स्कॅन वाचणारं एआय सॉफ्टवेअर शहरात येण्याआधी, हे पत्र.

माझ्या धाकट्या दिराच्या डाव्या गालात आतून जखम झाली होती. वीस वर्षं त्याने पाऊच खाल्ला. 2012च्या 1 एप्रिलला मध्य प्रदेशात गुटखाबंदी आली, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत द्यायला सुरुवात केली. हा दोन्ही तळहातावर एकत्र करून तोंडात टाकत राहिला. जखम झाल्यावर तीन महिने ती अंगावर काढली, तीही घरात मी असताना. तो सल मला आहेच.

तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. शहरातल्या एका सेंटरवर सीटी झालं. मी सोबत नव्हते. संध्याकाळी जाऊबाईंनी फिल्मचा मोठा लिफाफा माझ्या हातात ठेवला. ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं आणि पोटात गोळाच आला. गाल हिरडीला चिकटलेला, दोघांच्या मध्ये हवेची रेघसुद्धा नाही. पाच मिलिमीटर जाडीचे कट. सीडी नाही. रिपोर्ट चार ओळींचा: डाव्या गालाच्या भागात गाठ, जबड्याच्या हाडापर्यंत रोग पोचल्याची शक्यता नाकारता येत नाही, मानेत काही वाढलेल्या गाठी, प्रत्यक्ष तपासणीशी पडताळून पाहावे.

त्या "नाकारता येत नाही"मध्ये आमचे वीस दिवस गेले. एका सर्जननी सांगितलं, जबड्याचा तुकडा काढावा लागेल, मनाची तयारी ठेवा. दुसऱ्यांनी सांगितलं, हे चित्र पाहून मी काहीच ठरवू शकत नाही. मग अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं, मुंबईत परळला ओळखीतल्यांकडे मुक्काम, आणि पुन्हा सीटी. या वेळी गाल फुगवून. नवं चित्र सीडीवर मी स्वतः उघडून पाहिलं. गाल आणि हिरडी यांच्यामध्ये काळी, स्वच्छ हवेची फट. रोग सगळा गालाच्या बाजूला. जबड्याच्या हाडाची पांढरी कड टोकापासून टोकापर्यंत अखंड. माणूस तोच, रोगही तोच, आणि जबडा वाचला. आज तो तिखट सोडून सगळं खातो.

तेव्हा एक कबुली देणं भाग आहे. नोकरीच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांत मीसुद्धा कुणाला गाल फुगवायला सांगितलं नव्हतं. मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि बाहेर चाळीस माणसांची रांग असली की आपण विचारायलाही जात नाही. ही युक्ती वैद्यकीय नियतकालिकात 2001 साली छापून आलेली आहे. मला ती एका तरुण रेडिओलॉजिस्ट डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ उशिरा दाखवली. त्याआधी मी ज्यांचे स्कॅन केले, त्यांतल्या कितीजणांच्या रिपोर्टात "शक्यता नाकारता येत नाही" असं लिहून गेलं असेल, हा विचार मला अजून रात्री जागवतो.

करायचं एवढंच असतं. ओठ घट्ट मिटायचे, गाल फुगवायचे, श्वास नाकाने, आणि काही सेकंद तसंच राहायचं. "गाल फुलाओ" म्हटलं तर अर्धे लोक गोंधळतात. निमाडच्या एका शेतकऱ्याला मी म्हटलं, "बाबा, जैसे शंख फूँकते हैं, पर मुँह बंद," आणि त्याने असा गाल फुगवला की पुढची सगळी वर्षं मी तेच वाक्य वापरलं. स्कॅनआधी दोनदा सराव करून घ्यायचा, एक मिनिट लागतं. ज्यांचं तोंड सुपारीने इतकं आखडलंय की दोन बोटंही आत जात नाहीत, त्यांचे गाल फुगत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी काही ठिकाणी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये गॉजची लहानशी गुंडाळी ठेवतात. काहीच जमलं नाही तर निदान रिपोर्टात तसं लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की चित्रात काय दिसू शकणार नव्हतं.

आता मूळ विषयाकडे येते. सध्या शहरात जिथे तिथे एआयची बोलणी चालू आहेत. कॅन्सरची स्टेज ठरवायला मदत करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, स्कॅन टाकला की गाठीची हद्द आपोआप आखली जाईल, मोजमाप निघेल, मानेतल्या संशयित गाठींवर खूण येईल. माझा याला विरोध नाही. उलट मला त्याची फार आशा वाटते, आणि ती का वाटते ते आधी सांगते.

आपण ज्याला स्कॅनचं चित्र म्हणतो ते मुळात आकड्यांचं कोष्टक आहे. एका कटमध्ये 512 आडवे आणि 512 उभे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, हाडाला कित्येक शेकडे. ज्यांच्या नावाने हे आकडे ओळखले जातात, त्या हाउन्सफील्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर 1971 साली पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला, तेव्हापासून स्कॅन म्हणजे आकड्यांचं कोष्टकच आहे, ठिपके तेवढे पुढे वाढत गेले. आपला डोळा त्यातल्या काही मोजक्या करड्या छटाच वेगळ्या ओळखतो. म्हणून तर आपण हाडासाठी आकड्यांची एक मर्यादा, म्हणजे विंडो, लावतो, मांसासाठी दुसरी. संगणकाला विंडो लागत नाही, तो सगळे आकडे एकदम वाचतो. गाठीचा काठ कुठे संपतो, आतला भाग एकसारखा आहे की मध्येच मेलेला आहे, मानेतली गाठ शेंगेच्या दाण्यासारखी लांबट आहे की गोल झाली आहे, हे तो न थकता मोजतो. संध्याकाळी साडेसातला अडतिसावा स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांची काय अवस्था होते हे मी पाहिलंय. अशा वेळी शेजारी बसून "उजवीकडे मानेच्या दुसऱ्या भागात, लेव्हल दोनला, एक गाठ आहे, पाहिलीत का" एवढं म्हणणारं कुणी असेल, तर कुणाला नको होईल?

आणि आता स्टेज ठरवण्याचं काम पूर्वीपेक्षा बारीक झालंय. जानेवारी 2018 पासून टीएनएमची, म्हणजे स्टेज लिहिण्याच्या जागतिक पद्धतीची (टी मूळ गाठ, एन मानेतल्या लसिका गाठी, एम दूर पसरलेला रोग), आठवी आवृत्ती वापरात आली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जखम किती लांब-रुंद आहे एवढ्यावर आता भागत नाही, ती किती खोल उतरली तेही बघावं लागतं. खोली 5 मिलिमीटरच्या आत असेल तर एक पायरी, 10च्या आत असेल तर दुसरी, 10च्या पुढे गेली की रोग लहान दिसत असला तरी टी-3. मानेतल्या गाठीच्या आवरणातून रोग बाहेर फुटल्याचं तपासणीत स्पष्ट कळलं आणि स्कॅनने त्याला दुजोरा दिला, तर एन एकदम शेवटच्या पायरीवर जातो. एकेका मिलिमीटरवर माणसाचे उपचार फिरतात. पाच मिलिमीटरच्या कटवरून उभा छेद बनवला तर तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसतो. त्यावर कुणीही काय मोजणार? माणूस मोजणार नाही आणि मशीनही मोजणार नाही.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. जे टिपलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर वाचू शकत नाही. गाल आणि हिरडी चिकटलेल्या चित्रावर मशीन रेघ आखेल, अगदी आत्मविश्वासाने आखेल, आणि ती रेघ हाडाला टेकलेली असेल. चार ओळींच्या रिपोर्टात निदान "नाकारता येत नाही" असं तरी लिहिलेलं होतं. रंगीत रेघेत तेही नसेल.

दुसरी काळजी अधिक गंभीर आहे. ही सॉफ्टवेअरं शिकतात ती कुणाच्या स्कॅनवर? 2020 पासून हेक्टर नावाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. पेट-सीटीवरून, म्हणजे रोगाची जागा उजळून दाखवणाऱ्या स्कॅनवरून, डोक्या-मानेच्या गाठींची हद्द संगणकाने आखायची. 2022च्या फेरीत 9 केंद्रांतल्या 883 रुग्णांचे स्कॅन होते, आणि सर्वांत चांगल्या संगणकाची रेघ तज्ज्ञांच्या रेघेशी साधारण 0.79 इतकी जुळली. 1 म्हणजे तंतोतंत, तेव्हा ही कामगिरी खरोखर मोठी आहे. पण ती केंद्रं युरोप आणि उत्तर अमेरिकेतली, आणि रुग्ण घशाच्या मागच्या भागातल्या कॅन्सरचे. तिकडे त्या कॅन्सरमागे बऱ्याचदा एचपीव्ही हा विषाणू असतो. मानेतल्या गाठीचं आवरण फुटलंय का हे संगणकाने अनुभवी रेडिओलॉजिस्टांपेक्षा अधिक अचूक ओळखलं, असं 2023 साली एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. तेही रुग्ण त्याच विषाणूच्या घशाच्या कॅन्सरचे.

आपला रुग्ण तो नाही. आपला रुग्ण गालाचा, हिरडीचा, जिभेच्या कडेचा. ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या 2022च्या अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण होते, आणि पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्या रुग्णाचे दात किडलेले असतात, हिरड्यांना सूज असते आणि त्या सुजेने मानेतल्या गाठी आधीच वाढलेल्या असतात. कुणाला जुना क्षय असतो, आणि पेटमध्ये क्षयाची गाठही कॅन्सरच्या गाठीसारखीच उजळते. दातात चांदी भरलेली असली तर चित्रावर पांढरे फराटे उठतात. हे सगळं ज्याने पाहिलेलं नाही, त्या सॉफ्टवेअरवर आपण गालाच्या कॅन्सरची स्टेज सोपवणार आहोत का?

एक उदाहरण देते, कारण मुंबईच्या त्या फेरीत मला ते शेजारच्या बाकावर भेटलं. झाबुआकडचा एक जण होता, वय पस्तिशीच्या आतबाहेर. जबडा वर कानाजवळ जातो तिथे त्याला दोन शिंगं असतात आणि त्यांच्यामध्ये एक खाच. सर्जन तिला नॉच म्हणतात. गालाचा कॅन्सर मागे सरकत चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात शिरला की पुस्तकाप्रमाणे टी-4बी, म्हणजे फार पुढे गेलेला रोग, मग तो नॉचच्या खाली असो की वर. पण खालचा रोग अनेक सर्जन काढू शकतात. वर कवटीच्या बुडाकडे गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पहिल्या रिपोर्टात स्टेज लिहिलेली होती, नॉचचा शब्दही नव्हता, आणि कुणीतरी त्याला "आता काही होणार नाही" असं सांगून टाकलं होतं. रोग खाली होता. स्टेजचं अक्षर आपोआप देणारं मशीन त्याच्याबाबतीतही टी-4बी हेच उत्तर देईल, आणि ते बरोबरच असेल. पण त्या माणसाला हवं असलेलं उत्तर त्यात नसेल. म्हणून सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला विचारा, हे नुसतं अक्षर देतं की नॉच, हाडाची कड, खोली, बाजू आणि लेव्हल वेगवेगळी दाखवतं?

मानेबद्दल तर मी हात जोडून सांगते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2015 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्यापैकी सर्जन मंडळींना पाठ असेल. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर आणि मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा रुग्णांची मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केली, म्हणजे तिथल्या गाठी काढून टाकल्या, तेव्हा तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. गाठ येईपर्यंत वाट पाहिली त्यांच्यात 67.5 टक्के. म्हणजे जो रोग हाताला लागत नव्हता, तो आत होता. स्कॅनलाही अगदी बारीक पेरणी दिसत नाही. तेव्हा मशीनने "मान स्वच्छ" अशी हिरवी खूण दिली म्हणून मान सोडून द्यायची, हे आपल्या शहरात घडू नये. मशीनने गाठ दाखवली तर पुन्हा बघा. मशीनला गाठ दिसली नाही, तर त्यावरून काहीही ठरवू नका.

तर मग करायचं काय? मशीन येण्याआधीची कामं बहुतेक बिनखर्चाची आहेत. तोंडाच्या प्रत्येक स्कॅनला गाल फुगवणं आणि एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कट, हाडासाठी वेगळे आणि मांसासाठी वेगळे बनवलेले. फिल्म द्या, लोकांना ती हातात हवीच असते, पण सोबत सगळे कट असलेली सीडी न मागता द्या. त्या एका सीडीने रुग्णाचा दुसरा स्कॅन वाचतो, कॉन्ट्रास्टची दुसरी सुई वाचते आणि दिवस वाचतात. आणि रिपोर्टचा एक ठरलेला साचा असावा, सगळ्या शहरात एकच. आकार, खोली, हाडाची कड, नॉच, चामडीपर्यंत आलाय का, कुठल्या लेव्हलला किती मिलिमीटरची गाठ, आतून मेलेली आहे का, काठ धूसर आहे का. "काही वाढलेल्या गाठी" हे शब्द आपल्या शहरातून हद्दपार व्हावेत.

मला सर्वांत जास्त तळमळ वहीची आहे. वही म्हणते, तुम्ही रजिस्टर म्हणा किंवा संगणकातली फाइल म्हणा. शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. त्यात खरी खोली असते, हाडात रोग होता की नव्हता, किती गाठींत निघाला, आवरण फुटलं होतं का, सगळं असतं. तो रिपोर्ट स्कॅन करणाऱ्या खोलीत कधीही परत येत नाही. सव्वीस वर्षांत माझ्याकडे एकदाही आला नाही. आम्ही काय टिपलं आणि प्रत्यक्षात काय निघालं, हे कधी समोरासमोर ठेवलंच गेलं नाही. माळवा-निमाडच्या रुग्णांचे स्कॅन आणि त्यांचे पॅथॉलॉजी रिपोर्ट जर दोन-तीन वर्षं शेजारी-शेजारी ठेवले, तर कुठलंही सॉफ्टवेअर विकायला आलं की त्याला म्हणता येईल, या आमच्या रुग्णांवर चालवून दाखव, मग बोलू. आपल्याकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम. वाय.सारखं रुग्णालय आहे, सिमरोलला आयआयटी आहे. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने आयआयटी खरगपूरच्या साथीने कॅन्सरच्या स्कॅनचा "छवी" नावाचा संग्रह उभा केलाच ना. आपल्या गालाच्या कॅन्सरचा संग्रह इंदूरने का उभा करू नये?

हे करताना रुग्णाची परवानगी घ्या, आणि त्याला कळेल अशा बोलीत घ्या. 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा आहे, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, त्याच वर्षीची एआयबद्दलची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, ती तुम्ही वाचालच. मी कन्सोलवरची एक गोष्ट सांगते. चित्राच्या कोपऱ्यातलं नाव पुसलं म्हणजे काम झालं असं समजू नका. डोक्या-मानेचे पातळ कट एकत्र करून त्रिमितीत फिरवले की माणसाचा चेहरा दिसतो, नाक, ओठ, हनुवटी, सगळं. ओळखीचा माणूस ओळखू येतो. संग्रहात ठेवण्याआधी चेहरा पुसायला हवा. पण गालाची चामडी पुसली गेली तर रोग चामडीपर्यंत आला की नाही हे कळायचं नाही, म्हणून ते काम जाणत्या माणसाच्या हातूनच व्हावं.

तंत्रज्ञ भावंडांनो, तुमच्याशी शेवटचं बोलते. एआयने आपली नोकरी जाईल का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. मला तशी भीती वाटत नाही. टेबलावर पडलेल्या घाबरलेल्या माणसाकडून गाल फुगवून घेणं, तो गिळतोय का ते काचेतून बघणं, हललाय म्हणून "बाबा, एक बार और" म्हणणं, हे आपल्यालाच करायचंय. आणि स्टेजचा पाया तिथेच पडतो.

ज्या सेंटरला हवं असेल तिथे मी स्वतः येऊन दाखवीन. मला मानधन नको. सकाळी सातला, पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी, अर्धा तास पुरतो. हातात धरायचा एक आरसा तेवढा ठेवा. रुग्णाला स्वतःचा फुगलेला गाल दिसला की तो दुसऱ्या खेपेला बरोबर फुगवतो.

आपली नम्र,
एक निवृत्त सीटी तंत्रज्ञ
रामबाग, इंदूर